रिकन्स्ट्रक्ट म्हणजे नेमकं काय, मॅडम?

मारेक सोलापुरात उतरला तेव्हा त्याच्याजवळ हत्यारांच्या दोन जड पेट्या होत्या, पोटाच्या गोळ्यांचं पाकीट होतं आणि इंग्रजीतलं एक लाडकं क्रियापद होतं: रिकन्स्ट्रक्ट. बाकीचं इंग्रजी त्याला येत नव्हतं असं नाही. पण तो झेक देशातला. अडला की हाच शब्द काढायचा, आणि अडायचा फार.

मी दुभाषी. हा धंदा सांगितला की लोक विचारतात, म्हणजे भाषांतर का? नाही. भाषांतर करणारा खुर्चीत बसून, शब्दकोश उघडून, चहा पीत काम करतो. दुभाषी दोन माणसांच्या मधे उभा असतो आणि दोघंही त्याच्याकडे बघत असतात. एकाचं वाक्य संपायच्या आत ते दुसऱ्याच्या भाषेत सुरू करायचं असतं. विचार करायला वेळ हवा असेल तर खोकायचं. माझा खोकला एमआयडीसीत सगळ्यांना माहीत आहे.

आमच्या घरात कानडी, शाळेत मराठी, गल्लीत तेलुगू, आणि भाजीवाल्या खाला आल्या की दखनी. सोलापुरात यात विशेष काही नाही, अर्धं गाव असंच वाढतं. इंग्रजी मात्र मी पोटासाठी शिकले आणि मुलींच्या एका शाळेत शिकवत होते. एकदा एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी त्यांच्या टॉवेलच्या कारखान्यात बोलावून घेतलं. परदेशी ग्राहक आला होता. तो प्रत्येक टॉवेल नाकाला लावून हुंगत होता आणि मालकाला वाटत होतं त्याला सर्दी झाली आहे. त्यांनी विक्सची डबी पुढे केली होती. मी जाऊन सांगितलं की साहेबांना धुलाईच्या औषधाचा वास नको आहे. त्या दिवसापासून शाळा सुटली की मी एमआयडीसीत, आणि निवृत्त झाल्यावर तर पूर्णवेळच.

या धंद्याची एक रीत बाहेरच्यांना चमत्कारिक वाटते. समोरचा ‘मी’ म्हणाला की आम्हीही ‘मी’च म्हणायचं. ‘तो म्हणतोय की त्याला’ असं नाही. एकदा उजनी धरणाच्या पाण्यावर पक्षी बघायला आलेल्या एका परदेशी जोडप्याबरोबर मी होडीत होते. होडीवाल्यानं वल्हं थांबवून पाण्याकडे बोट केलं आणि म्हणाला, “हितं खाली आमचं घर हाय.” मी इंग्रजीत सांगितलं, माझं घर या पाण्याखाली आहे. त्या बाईंनी चटकन माझा हात हातात घेतला आणि काठ येईपर्यंत सोडलाच नाही. होडीवाल्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. त्याच्या वाटणीची माया मी खाऊन बसले.

असो. मारेकची गोष्ट सांगायची आहे.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शिवाअण्णांचा टॉवेलचा कारखाना. त्यांचे जुने माग धोट्याचे, म्हणजे आडवा धागा घेऊन लाकडी धोटा इकडून तिकडे खडाखड पळायचा. अण्णांनी परदेशातून एक बिनधोट्याचा माग मागवला. वापरलेला, पण चांगला. तो सुटा होऊन खोक्यांतून आला आणि तो जोडून द्यायला मारेक आला. त्याच्या मदतीला अण्णांचा जॉबर नरसय्या होता. जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टर. नरसय्या पद्मशाली, घरी तेलुगू बोलणारा, पण शेडमधली भांडणं सगळी अस्सल सोलापुरी मराठीत करायचा. अण्णांशी तर रोज. त्यांचं एकमेकांवाचून चालत नव्हतं आणि एकमेकांशी पटतही नव्हतं.

पहिल्याच दिवशी मारेकनं शेडमध्ये एके ठिकाणी बूट आपटला आणि म्हणाला, “ही जमीन रिकन्स्ट्रक्ट करावी लागेल.”

मी खोकले आणि सांगितलं, “ही जमीन पुन्हा बांधावी लागेल.”

अण्णांचा चेहरा उतरला. “पुन्हा म्हणजे? खालपासून? पाया खणायचा काय?” त्यांनी खिशातून फोन काढला आणि गवंड्याला बोलावलंसुद्धा. गवंडी येऊन कुदळ कुठं मारायची विचारू लागला तेव्हा मारेक घाबरला. त्याला तेवढ्या कोपऱ्यात जमीन जरा घासून सपाट करून हवी होती. त्याच्या देशात म्हणे स्वयंपाकघराला रंग दिला तरी रिकन्स्ट्रक्शनच म्हणतात. “माझी बायको दर उन्हाळ्यात घर रिकन्स्ट्रक्ट करते,” तो म्हणाला.

“म्हंजे डागडुजी,” नरसय्या म्हणाला. गवंडी कुदळ घेऊन परत गेला.

त्यानंतर मी त्या शब्दावर नजर ठेवून राहिले. खोकी फोडली तेव्हा ‘मशीन रिकन्स्ट्रक्ट करू’ म्हणजे सुटे भाग जोडू. हे सोपं गेलं. चहाच्या वेळी मारेक पाय लांब करून बसला आणि म्हणाला, “माझा गुडघा रिकन्स्ट्रक्ट केलेला आहे.” मी रीतीप्रमाणे म्हणाले, “माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन करून तो नवा बनवलाय.” सगळी मंडळी माझ्या पायांकडे बघू लागली. एकानं तर उठून मला स्टूल दिलं. मी ते घेतलं. मग कळलं की त्याची मुलगी विद्यापीठात आहे आणि कुणीच बोलत नसलेली एक जुनी भाषा रिकन्स्ट्रक्ट करते. म्हणजे आज उरलेल्या शब्दांवरून ती पूर्वी कशी असेल ते जुळवते. हे मी सांगितलं तर नरसय्या म्हणाला, “बोलायला माणूस न्हाय आन भाषा करायलीय. आमच्याकडं माणसं लई हायत, तिला हिकडं पाठवा म्हणावं.”

एकदा मात्र मला अर्थ शोधावाच लागला नाही. मारेक सांगत होता, “पूर्वी मी मोठ्या कंपनीत होतो. मग कंपनी रिकन्स्ट्रक्ट झाली. मी आणि माझे मित्र घरी बसलो.” मी तोंड उघडायच्या आत नरसय्या म्हणाला, “कपात केली की. सरळ बोला.” ज्या शहरात बंद गिरण्यांच्या आठवणी घराघरात आहेत तिथं हा अर्थ कुणाला शिकवावा लागत नाही.

शेवटी मी ठरवलं की शब्दकोशातला एकच भारदस्त शब्द वापरायचा आणि मोकळं व्हायचं. दुसऱ्या दिवशी मारेक बोलला, मी म्हणाले, “आता याची पुनर्रचना करायची आहे.” शेडमध्ये कुजबुज झाली. एक कामगार हळूच पुढे येऊन म्हणाला, “मॅडम, रचना मॅडम परत येणार हायत काय? अकौंटवाल्या? त्या लग्न करून गेल्या न्हवं का?” तो शब्द मी तिथंच सोडून दिला.

माग उभा राहिला. सुरू करायच्या आदल्या दिवशी कामगारांनी मारेकला कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायला घातली. त्याला चटणी इतकी आवडली की त्यानं चमच्यानं खाल्ली. परिणाम व्हायचा तो झाला. सकाळी कारखान्यात जायच्या ऐवजी आम्ही दोघं दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, पोटात नेमकं कसं होतंय? मारेकनं पोटावर हात ठेवला आणि क्षीण आवाजात म्हणाला, “एव्हरीथिंग मस्ट बी रिकन्स्ट्रक्टेड.” डॉक्टरांना इंग्रजी येत होतं, पण त्यांनीही माझ्याकडे बघितलं.

आम्ही दवाखान्यात असतानाच अण्णांचा फोन आला. माग सुरू केला होता आणि तो थांबला होता.

मारेक दुसऱ्या दिवशी, जरा सावरल्यावर, शेडमध्ये गेला. मागाचं दुखणं विचित्र होतं. उभा धागा तुटला की नवा माग आपणहून थांबतो आणि तांबडा दिवा लावतो, ही त्याची हुशारी. पण इथं एकही धागा तुटलेला नसताना तो थांबत होता. चालू केला की चार हात मारायचा आणि तांबडा दिवा. मारेकनं धागे तपासले, पट्ट्या तपासल्या, मोटार तपासली. सगळं नीट.

अण्णांचं डोकं तापलेलं होतं. पहिला माल बघायला ग्राहक येणार होता. ते नरसय्यावर घसरले. “साहेब नसताना तू हात लावलासच कशाला? तूच काहीतरी फिरवलंस. नवीन मशीन म्हणजे काय तुझा जुना खटारा आहे? तुला झेपत नसंल तर तसं सांग.”

हे सगळ्या शेडसमोर. नरसय्यानं हातातला पाना बाकावर ठेवला, फडक्यानं बोटं पुसली आणि म्हणाला, “मग बगा तुमचं तुमी.” आणि तो फाटकाजवळच्या लिंबाखाली जाऊन बसला. घरी गेला नाही. मला वाटतं, माग कशानं थांबला ते कळल्याशिवाय त्याचा पाय निघत नव्हता.

मारेकनं मला विचारलं, “हे काय म्हणाले?” मी सांगितलं. न गाळता सांगायचं असतं. त्यानं लिंबाकडे एकदा बघितलं, मग सगळ्यांना गोळा करून विचारलं, “माग सुरू करायच्या आधी तुम्ही काय काय केलं?”

“काही नाही,” सगळे म्हणाले.

“काहीच नाही?”

“न्हाय की. नुसतं बटण दाबलं.”

मारेकनं डोकं खाजवलं आणि म्हणाला, “देन वुई मस्ट रिकन्स्ट्रक्ट.”

हा शब्द आता सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता. माझ्यासाठी कुणी थांबलं नाही. दोघा फिटरांनी पाने उचलले आणि मागाचे नट सोडवायला घेतले. मारेक दोन्ही हात वर करून ओरडला. मी खोकणं सोडून सरळ विचारलं, “मारेक, कुठला रिकन्स्ट्रक्ट? घासायचा, जोडायचा की घरी पाठवायचा?”

“यस्टरडे,” तो म्हणाला. “मला कालचा दिवस रिकन्स्ट्रक्ट करायचा आहे.”

पोलीस चोराला घेऊन जागेवर जातात आणि तू कुठून आलास, कुठं उभा होतास, सगळं करून दाखव म्हणतात, ते त्याला हवं होतं. मी लोकांना म्हणाले, “काल सकाळी जे जसं झालं ते तसंच्या तसं परत करून दाखवायचंय. नाटकासारखं. जो जिथं होता तो तिथं.”

ही कल्पना शेडला एकदम आवडली. जो तो आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. एक जण तर काल उशिरा आला होता, म्हणून तो फाटकाबाहेर जाऊन थांबला. फक्त नरसय्या उठेना. “माझं काम कुणालातरी द्या,” तो तिथूनच म्हणाला.

मग एका फिटरनं नरसय्याचं काम घेतलं. कमरेवर हात, मान तिरकी, पोट पुढं, आणि चालताना प्रत्येक मागाला एक शिवी. शेड हसून लोळायची बाकी होती. मारेकही हसला. एवढ्यात लिंबाखालून आवाज आला, “मी असा चालतो व्हय?” आणि नरसय्या तणतणत आत आला. “हो बाजूला. करून दावतो.”

“पहिल्यांदा काय झालं?” मारेकनं विचारलं.

“पहिल्यांदा पूजा,” नरसय्या म्हणाला.

मी हे इंग्रजीत सांगितलं आणि मारेक माझ्यावरच उखडला. “पण सगळे म्हणाले काहीच केलं नाही!”

मी मराठीत विचारलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. ज्यानं ‘नुसतं बटण दाबलं’ म्हटलं होतं तोच म्हणाला, “पूजा म्हंजे काय करणं न्हवं की, मॅडम. ती तर पूजा.”

त्याचं खरं होतं. मलाही कुणी विचारलं असतं, सकाळी काय केलंस, तर देवापुढे दिवा लावला हे मी सांगितलं नसतं.

पूजा कुणी केली, तर अव्वांनी. अव्वा म्हणजे अण्णांच्या आई. अण्णा म्हणाले, “पूजेचं नाटक करायचं नाही. देवाधर्माची थट्टा मला चालणार नाही.” पण गाडी पाठवल्यावर अव्वा नवं इरकली लुगडं नेसून आल्या आणि “एनातु?” काय झालं, असं कानडीत विचारत थेट मागापाशी गेल्या. मी कानडीत समजावलं. त्या म्हणाल्या, “नाटक कशाला? खरीच करते की पुन्हा. देवाला काय, दोनदा केली तर राग येतो होय?”

नारळ आणला. अव्वांनी मागाला हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं, नारळ खालच्या दगडावर फोडला. इथवर ठीक होतं. मग त्यांनी नारळाची एक वाटी दोन्ही हातांत धरली, पाणी सांडू नये म्हणून जपून पावलं टाकत मागाच्या बाजूला गेल्या. तिथं एक राखाडी पेटी होती, वारा जायला फटी असलेली. वाटी त्यांनी त्या फटींशी नेली.

“नो! नो, नो, नो!” मारेक नव्या गुडघ्याची पर्वा न करता धावला.

अव्वांनी त्याच्याकडे मायेनं बघितलं. “थांब रे, तुलापण देते.”

मी घाईघाईनं विचारलं, “अव्वा, कालही पाणी इथंच घातलं होतं?”

“मग कुठं? बाकी सगळं नुसतं लोखंड. ह्या पेटीत दिवे लागतात, गुणगुण आवाज येतो. मशीनचा जीव असंल तर इथंच असंल. पहिला घोट तिलाच पाजला. एक थेंब खाली सांडू दिला नाही.”

पेटी बनवणाऱ्या कंपनीतून बंदच येते म्हणून मारेकनं ती उघडली नव्हती. आता त्यानं स्क्रू काढले. आतल्या सर्किटच्या हिरव्या पट्टीवर चिकट ओघळ होते आणि त्यावर मुंग्यांची रांग लागली होती. मागाला धागे तुटल्यासारखे का वाटत होते ते कळलं. जिथून खबर यायची तिथंच सगळं चिकटून बसलं होतं.

मारेक उठला आणि मला म्हणाला, “अव्वांना सांग, त्यांनी मशीनचा जीव घेतला. पण प्रेमानं.”

सगळी शेड माझ्याकडे बघत होती. अण्णा डोळ्यांनी खुणावत होते, नको म्हणून. धंद्यात असे क्षण येतात. दुसरं अर्धं वाक्य सांगावं आणि पहिलं गिळावं असं वाटतं. मी दोन्ही अर्धी सांगितली. कानडीत, रीत मोडून ‘साहेब म्हणतात’ असं लावून, कारण अव्वांच्या पुढं उभं राहून ते माझ्या तोंडून निघालं नसतं.

अव्वांनी वाटी खाली ठेवली. “जगंल का?”

मारेक म्हणाला, पट्टी धुऊन वाळवली तर जगेल.

“मग शिवा,” अव्वा मुलाकडे वळल्या, आता मराठीत, सगळ्यांना कळावं म्हणून, “काल रात्री जेवताना नरसय्याच्या नावानं बोटं मोडत होतास, ते कशापायी? मुहूर्त चाललाय, लाव मशीन, असं तूच म्हणालास की त्याला. मी तिथंच होते.”

अण्णांनी मान खाली घातली.

“मी माझं देवाशी बघते,” अव्वा म्हणाल्या. “तुझं तू बघ.” आणि त्या गाडीत जाऊन बसल्या.

मारेकनं पट्टी औषधानं पुसली. वाळवायला कुणीतरी घरून केस वाळवायचं यंत्र आणलं आणि सगळे ते पाळीपाळीनं धरून उभे राहिले. नरसय्यानं बटण दाबलं. माग चालला, चालत राहिला. पांढरा, निळ्या काठाचा टॉवेल खाली उतरू लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नरसय्यानं वीतभर कापड अंगठ्यानं दाबून पाहिलं, मान हलवली, माग थांबवला आणि बाकावर बसून आपला पाना, फडकं, चष्मा पिशवीत भरायला लागला.

अण्णांनी ते पाहिलं. ते येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मला मधे बोलावलं.

“मॅडम, जरा नरसय्याला सांगा की.”

“काय सांगू?”

“तेच… तेलुगूत सांगा. त्याच्या भाषेत बरं वाटंल त्याला.”

दोघांमध्ये हातभर अंतर. वर्षानुवर्षं एकमेकांना मराठीत फाडून खाणारी माणसं. मी म्हणाले, “सांगते. पण वाक्य तुमचं पाहिजे. मी पदरचं काही घालत नाही.”

अण्णा चपलेकडे बघत म्हणाले, “सांगा, झालं ते झालं.”

मी तेलुगूत सांगितलं. नरसय्या पिशवी भरत राहिला.

“सांगा, माणूस आहे. डोकं तापलं की बोलून जातो.”

तेही सांगितलं. नरसय्यानं पिशवीची चेन ओढली.

अण्णांनी कपाळ पुसलं. मग अगदी बारीक आवाजात, “सांगा… चूक माझी.”

“तप्पु नादे,” मी म्हणाले.

नरसय्यानं पिशवी मांडीवर घेतली, माझ्याकडे वळला आणि गावभर ऐकू जाईल अशा मराठीत म्हणाला, “मॅडम, मालकास्नी सांगा, मला तेलुगू येत न्हाय.”

मी अण्णांकडे बघितलं. सांगायची गरज नव्हती. त्यांचे कान लाल झाले होते. मागे मारेक “व्हॉट? व्हॉट?” करत होता, मी त्याला हातानंच थांबवलं. अण्णा बाकावर जरा सरकले, आणि अव्वा गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली.

“नरसय्या,” ते म्हणाले, “चुकलं माझं. मीच तुला लाव म्हणालो होतो.”

नरसय्यानं पिशवी खाली ठेवली आणि पायानं बाकाखाली सरकवली.

“आता कळलं बगा,” तो म्हणाला. “मराठीत लई लवकर कळतं.”